प्रसाद म्हणून सांगितलेलं खोटं

रोज सकाळी साडेदहाच्या स्टँडअप कॉलवर मी किमान एकदा खोटं बोलतो. 'ऑलमोस्ट डन' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा काम सुरूच व्हायचं असतं. त्याचं मला काही वाटत नाही, टीममधल्या कुणालाच वाटत नाही. पण दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या बाईशी मी एक खोटं बोललो. चांगल्या हेतूने बोललो आणि त्यामुळे तिचे डोळेही बरे झाले. तरी ते खोटं अजून घशात अडकून आहे. या जानेवारीत, २०२५च्या, ती गेली. आता तिला सांगताही येत नाही आणि विचारताही येत नाही, म्हणून हे लिहितोय.

तिला सगळी गल्ली अम्मा म्हणायची.

मी पंधरा वर्षांचा होईपर्यंत आम्ही उल्हासनगरला, कॅम्प ४मध्ये भाड्याने राहायचो. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला होते. विठ्ठलवाडी स्टेशन चालत पंधरा मिनिटं. भिंतीला भिंत लागून अम्माची खोली. बाहेरगावच्या मित्रांना 'कॅम्प' म्हटलं की तंबू आठवतात, म्हणून थोडं सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इथे सैनिकांसाठी बराकी बांधल्या होत्या, कल्याण कॅम्प म्हणायचे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर माणसांना त्या बराकींमध्ये ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. अम्मा १९४८ला सात वर्षांची असताना आली. कराचीहून बोटीने मुंबई, तिथून गाडीने कल्याण. एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकेका कुटुंबाची जागा केलेली असायची. पडद्यापलीकडे कुणी खोकलं की आपलंच माणूस खोकल्यासारखं वाटायचं, असं ती सांगायची.

'शरणार्थी' हा शब्द तिला अजिबात चालायचा नाही. त्या काळातल्या बऱ्याच निर्वासितांसारखे तिचे वडीलही 'आम्ही पुरुषार्थी' म्हणायचे. ते लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायचे. अम्मा चाळिशीत विधवा झाली. एक मुलगी, ती लग्न होऊन इंदूरला गेली. मग अम्माने पापड लाटले, आणि जीन्सचे कारखाने वाढले तशी घरी बसून पँटींचे सुटे धागे कापायला लागली. नगावर पैसे. उल्हासनगरात अशी धागे कापणारी घरं गल्लोगल्ली आहेत. तुम्ही आत्ता घातलेली जीन्सही कदाचित एखाद्या अम्माच्या मांडीवरून गेली असेल.

पहाटे उठून ती सुखमनी वाचायची. संध्याकाळी दरबारात जायची. चेटीचंडला झुलेलालचा बहराणा निघाला की त्याच्याबरोबर चालायची, आणि महाशिवरात्रीला गल्लीतली आम्ही पाच-सहा पोरं गोळा करून अंबरनाथच्या शिवमंदिरात न्यायची. सन १०६०चं ते देऊळ, वालधुनीच्या काठचं. त्या दिवशी तिथे एवढी रांग असते की पोरांना आत जाईपर्यंत तीनदा शू लागते. नानक, झुलेलाल आणि शंकर यांच्यात तिला काही अडचण दिसायची नाही. मला देवच दिसायचा नाही. अकरावीत मी तिला तसं सांगितलंही होतं. ती म्हणाली, "ठीक है पुट, तू मत मान. कोकी खाएगा?"

आता मुद्द्याचं. अम्मा कुणाकडून काही घ्यायची नाही.

आईने सुरुवातीला नव्या शेजारणीसारखं वाटीभर काहीतरी पाठवून बघितलं. आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अम्माकडून ती दुप्पट भरून यायची. वाटीभर आमटी दिली तर पातेलंभर सिंधी कढी. दोन पुरणपोळ्या दिल्या तर वीस पापड. आई बाबांना म्हणाली, "यांच्याशी देवाणघेवाण म्हणजे सावकारी आहे हो, आपण कायम कर्जातच." तिच्या घरी गेलं की तहान असो-नसो, पापड आणि पाणी समोर यायचं, ती सिंधी रीतच आहे. पण ती आमच्याकडे आली की चहासुद्धा नको. २६ जुलै २००५च्या रात्री गाड्या बंद पडल्या. रुळांवरून चालत आलेली अनोळखी माणसं गल्लीत थांबली, तेव्हा अम्माने घरातलं सगळं पीठ संपवलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मदतीची पाकिटं वाटत आलं तर म्हणाली, आगे वालों को दो. पुढच्या घरातल्या आजी तिच्यापेक्षा खात्यापित्या होत्या.

मुलीकडचंही नको. मुलीच्या घरचं पाणी पिऊ नये, ही जुनी समजूत तिने शेवटपर्यंत पाळली. मुलगी मनीऑर्डर करायची, पुढे बँकेत पैसे टाकायला लागली. अम्मा तेवढेच पैसे नातवंडांच्या नावाने परत पाठवायची.

एक अपवाद होता आणि तो आईच्या लक्षात आला. आमच्याकडे सत्यनारायण झाला, मी द्रोणाऐवजी वाटीतच शिरा नेऊन दिला. अम्माने दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, उभ्या उभ्या खाल्ला आणि वाटी धुऊन दिली. रिकामी! आई त्या वाटीकडे बघतच राहिली.

प्रसाद नाकारत नाहीत आणि प्रसादाची परतफेडही करत नाहीत. मी दहा वर्षांचा असताना महाशिवरात्रीला अम्मा रस्त्यावरच्या मंडपातून साबुदाण्याची खिचडी घेऊन फुटपाथवर बसून मजेत खात होती. मी विचारलं, तू तर कुणाचंच घेत नाहीस. तिने चमच्याने मंडपाकडे बोट केलं. "किसका है ये? वो तो सिर्फ बाँट रहे हैं." तिच्या हिशोबात प्रसादाला देणारा माणूस नसतोच. फक्त वाढपी असतात.

मग आमच्या घरी प्रसाद वाढले. सत्यनारायण वर्षाला एकच, पण संकष्टीचे मोदक, दत्तजयंतीचा सुंठवडा, गुरुवारची फळं. कुठल्या तरी मावशीच्या गावच्या जत्रेचं गव्हाचं पीठ. एकदा तर आईने पाच किलो तांदूळ 'भंडाऱ्यात उरलेले' म्हणून दिले. बाबा म्हणाले, "देवाच्या नावाने खोटं बोलतेस." आई म्हणाली, "देवाने तक्रार केली का?" आम्हाला ते विनोदी वाटायचं. मलाही.

२०१२ला आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला. कॅम्पमधली निम्मी मराठी घरं तेव्हा तिकडेच सरकत होती. अम्माकडे येणं-जाणं राहिलं, तीन स्टेशनं तर मधे. मी इंजिनिअर झालो, ऐरोलीला नोकरी लागली. २०२२च्या दिवाळीत गेलो तर अम्मा सुखमनी डोळ्यांजवळ धरून नव्हे, डोळे मिटून म्हणत होती. पाठ होती तिला. पण बोटाखाली ओळ नव्हती, हे मला दिसलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धागे कापताना कापडच कापलं जायचं, म्हणून कारखान्याने काम देणं बंद केलं होतं. फुकट शिबिरात ती जाणार नव्हती. पैसे होते, पण ते बाराव्याचे, पोस्टात ठेवलेले, त्यांना हात लावायचा नव्हता. स्वतःच्या क्रियाकर्माचा खर्चही दुसऱ्यावर नको.

दोन्ही डोळ्यांचे मिळून अडतीस हजार होत होते. तेवढ्यात माझा जुना फोन बदलून नवा येतो.

मी तिच्या दरबारातल्या भाईसाहेबांकडे गेलो. म्हटलं, पैसे मी भरतो, तुम्ही फक्त सांगा की दरबाराने म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांसाठी योजना काढली आहे. ते कांदे सोलत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, गुरूच्या घरात बसून खोटं नाही बोलणार. तुला द्यायचेत ना? गोलकात टाक. एकदा आत पडले की ते तुझे नाहीत. मग बाहेर जे जाईल ते गुरूच्या घरचं, त्यात खोटं काही नाही. मी विचारलं, पण ते अम्मालाच मिळतील ना? ते म्हणाले, कमिटी बघेल. अम्मापेक्षा जास्त गरज कुणाची निघाली तर त्यालाही मिळतील.

हे मला झेपलं नाही. मला अम्माचे डोळे हवे होते, दानधर्म करायचा नव्हता. आज कळतं की तो माणूस मला खोटं खरं करून दाखवायचा एकुलता एक रस्ता सांगत होता. त्याची किंमत एवढीच होती, की दिल्यावर हात सोडायचा. तो मी सोडला नाही. मी भाईसाहेबांना म्हटलं, तुम्ही गप्प तरी राहा. ते म्हणाले, मी होऊन सांगणार नाही, पण तिने विचारलं तर जे आहे ते सांगेन.

अम्माला मी सांगितलं, दरबारातून आलंय, प्रसादच समज. तिने हात जोडून वर बघितलं. माझ्याकडे नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये दोन्ही ऑपरेशनं झाली.

इथे थांबून जरा तुमच्यासमोर हिशोब मांडतो. धर्मराजाचं 'नरो वा कुंजरो वा' आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तिथे खोटं शत्रूला मारण्यासाठी होतं, माझं तर डोळे देण्यासाठी. म्हणजे मी धर्मराजापेक्षा बरा. पण १७९७मध्ये कांटने एक छोटा निबंध लिहिला. खुनी दारात उभा राहून तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी खोटं बोलू नका, असं त्यात म्हटलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो, खुन्यापुढे कसलं सत्य! आता हसू येत नाही, कारण अम्मा काही खुनी नव्हती. ती तिच्या आयुष्याचा निर्णय घ्यायला पूर्ण सक्षम बाई होती. तिने सत्तर वर्षं एकच निर्णय घेतला होता, आणि मी तिला न कळवता तो फिरवला. आणि त्यासाठी वापरलं काय, तर तिची श्रद्धा. मला ज्या गोष्टीचं काहीच मोल नाही आणि तिला सगळ्यात जास्त आहे, तीच मी पासवर्डसारखी टाकली. सिस्टिम उघडली.

गुप्तदान म्हणावं तर तेही नाही. लाडवात नाणं घालून देणारा आपला अहंकार लपवायला देतो. मी तिचा नकार चुकवायला लपलो होतो. मैमोनिडीस नावाचा बाराव्या शतकातला ज्यू विचारवंत दानाच्या आठ पायऱ्या सांगतो. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचा पत्ता नसणं, ही त्याच्याकडे वरून दुसरी पायरी. सगळ्यात वरची म्हणजे माणसाला कर्ज किंवा काम देऊन पायावर उभं करणं. ते वाचलं आणि मला लिज्जत पापड आठवला. १५ मार्च १९५९ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि ठरवलं की देणगी कुणाची घ्यायची नाही. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर पद्मश्री मिळाली. उसने घेतले होते त्यांनी. देणगी नाही, पण कर्ज चाललं.

मग मी अम्माला कर्ज का दिलं नाही? 'अम्मा, अडतीस हजार घे, महिन्याला पाचशे परत कर,' हे सरळ वाक्य मला का सुचलं नाही? सुचलं होतं. मी मनात भागाकार केला: शहात्तर महिने. सहा वर्षं चार महिने. तिचं वय तेव्हा ब्याऐंशीच्या आसपास. म्हणजे मी तिला कर्जाला अपात्र ठरवलं होतं, बँक ठरवते तसं. पैसे बुडण्याची भीती नव्हती, ते बुडावेत अशीच माझी इच्छा होती. पण समोरच्या माणसाकडे परतफेडीएवढं आयुष्य उरलेलं नाही असं आपणच धरून चालणं, याला दया म्हणायचं का?

खरं तर आम्हा मित्रांचं आणि अम्माचं या बाबतीत जमायला हवं. आम्हीही कुणाचं घेत नाही. चहाचे बारा रुपयेसुद्धा स्प्लिटवाइजवर टाकतो, महिनाअखेरीला जीपे करतो आणि सगळ्यांची खाती शून्यावर आणतो. शून्यावर आलं की सुटल्यासारखं वाटतं. अम्माच्या वाटीचा हिशोब कधी शून्यावर यायचाच नाही, तिने तो येऊ दिला नाही. दुप्पट परत करून ती आम्हाला बांधून ठेवायची. यात प्रेम होतं, तसा ताठाही होता. घेणाऱ्याच्या जागी ती कधी बसलीच नाही, कायम आम्हालाच बसवलं. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांना याचा त्रास व्हायचा, हे ती गेली म्हणून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी, डिसेंबरात, मी सकाळी लवकर तिच्या घरी गेलो. कुलूप होतं. दरबारात सापडली. मागच्या मोरीत उकिडवी बसून लंगरची भांडी घासत होती, थंड पाण्यात. म्हणाली, रोज येते. ज्यांनी डोळे दिले त्यांची भांडी तरी घासू नकोत का? बरेच महिने चाललं होतं हे. भाईसाहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, अम्मा, प्रसाद होता ना तो, त्याची कुठे परतफेड असते? ती म्हणाली, "ये फेड नहीं है. अच्छा लगता है." चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. पण हात लाल झाले होते. एक खोटं बोलून मी ब्याऐंशी वर्षांच्या बाईला भांडी घासायला बसवलं होतं, आणि ती खूश होती. त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं का? मी गीझर बसवून द्यायची गोष्ट काढली. ती नको म्हणाली. मी पावणेनऊची गाडी पकडली.

जानेवारीत ती न्यूमोनियाने गेली. थंड पाण्याने न्यूमोनिया होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी गूगलवरही वाचलं. दोन-तीनदा वाचलं.

बारावं तिच्याच पैशांतून झालं, त्यातही थोडे उरले. इंदूरहून आलेल्या ताईंनी मला एक पाकीट दिलं. त्यात पाचशेच्या तेवीस नोटा. ऑपरेशनच्या महिन्यापासून दर महिन्याला एक. हे त्या डोळ्यांच्या योजनेत भरायचे, पुढच्या एखाद्या बाईच्या डोळ्यांसाठी, असं अम्माने सांगून ठेवलं होतं. ताई म्हणाल्या, "तुला माहीत आहे ना कुठली संस्था ती? पत्ता दे."

मी भागाकार केला होता तो हप्ता अगदी बरोबर होता. पाचशे.

ताईंना मी खरं सांगितलं. लगेच नाही, दोन दिवसांनी फोनवर. मला वाटलं होतं त्या आभार मानतील, किंवा रडतील. बराच वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाल्या, "मी तिची मुलगी. किती वेळा पैसे पाठवले असतील, तिने सगळे परत केले. मी रडले, भांडले, पण तिला फसवून द्यावेत असं माझ्या मनात आलं नाही रे. तुझ्या आलं. तिला दिसायला लागलं ते तुझ्यामुळे, ते मी नाकारत नाही. पण आता मी काय समजू? मी तिचं ऐकलं ते चुकलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तिचा नकार ताईंनी मानला आणि आईला अंधारात जाऊ दिलं. मी मानला नाही आणि तिला उजेडात आणलं, पण त्या उजेडात ती जे बघत होती ते खरं नव्हतं. दोघांपैकी कुणी तिला जास्त मान दिला? माझी आई म्हणते, असले प्रश्न पोट भरलेल्या लोकांना पडतात, माणसाला दिसायला लागलं की विषय संपला. आईच्या तांदळांबद्दल मला कधी टोचलं नाही हेही खरंच. पाच किलो आणि अडतीस हजार यांत तत्त्वाचा फरक काही नाही. मग मला का टोचतंय? कदाचित आई रोज त्या दारात उभी राहायची म्हणून. तिचं खोटं शेजारधर्मातलं होतं, मी ते महिन्यातून एकदा येऊन, कार्ड स्वाइप करून बोललो.

भाईसाहेबांना मी नंतर विचारलं, अम्माने कधी चौकशी केली का तुमच्याकडे? ते म्हणाले, कधीच नाही. एका शब्दाने नाही. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव तीन गाड्यांवर विचारणारी बाई. अडतीस हजार कुठल्या योजनेतून आले, कमिटीत कुणी मंजूर केले, आणखी कुणाला मिळाले, यातलं काहीच तिने विचारलं नाही. विचारलं तर भाईसाहेब खरं सांगतील, हेही तिला माहीत असणार. यावरून मनात काय येतं ते तुमच्या लक्षात आलं असेलच. पण तो निष्कर्ष माझ्या इतका सोयीचा आहे की मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

ताईंचा आठवड्याने मेसेज आला. पैसे गोलकात टाक, पावती नको, नाव नको.

रविवारी गेलो. गोलकाची फट अरुंद असते, एका वेळी एकच घडी केलेली नोट जाते. तेवीस नोटांना वेळ लागला. नंतर फोनमधून जीपे करता येईल असा क्यूआर कोड बाजूला चिकटवलेला दिसला, तरी मी एटीएमला जाऊन आलो आणि माझेही थोडे टाकले. किती ते लिहीत नाही. ते कुणाच्या डोळ्यांना लागतील, का लंगरच्या गॅसला, हे आता मला कळणार नाही.

भाईसाहेब आत कांद्यांचं पोतं उघडून बसले होते. अम्मा असताना ते काम निम्मं व्हायचं, असं म्हणाले आणि एक सुरी माझ्याकडे सरकवली. मी बसलो. सुरी बोथट होती.